परतीचे अंतर

मुंबईहून अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळाचे हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. थेट विमानाला जायला पंधरा-सोळा तास लागतात. येताना उंचावरचे पश्चिमी वारे पाठीशी असतात, म्हणून तेच अंतर तासभर तरी लवकर कापले जाते. बीड जिल्ह्यातल्या घरी निघालेल्याचा प्रवास मात्र तिथे संपत नाही, कारण जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. मुंबईहून पुढे रात्रभराचा रस्ता उरतोच. तरीही न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या मुलाला आईची तब्येत बिघडल्याचा फोन गेला, तर रजा आणि तिकीट मिळताच तो दोन दिवसांत केजच्या किंवा गेवराईच्या घरी आईच्या उशाशी बसलेला असतो.

याच जिल्ह्यातून आणखी एक प्रवास दरवर्षी होतो. दिवाळीच्या आगेमागे शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला जाते, कुणी थेट कर्नाटकात. सरळ रेषेत मोजले तर बीड ते कोल्हापूर सुमारे 300 किलोमीटर, म्हणजे विमानाच्या वेगाने अर्ध्या तासाचीही वाट नाही. पण पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत पाच-सहा महिने, त्या माणसांना गाव दिसत नाही. टोळीच्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल अंगावर असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातले एक जरी गावी गेले तरी कोयता थांबतो. खाडा झाला की पैसे कापले जातात. गावात म्हातारी आई तापाने फणफणली, तरी फोनवर चौकशी करण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

म्हणून वाटते, माणूस घरापासून किती लांब आहे हे किलोमीटरवरून कळत नाही, तासांवरूनही कळत नाही. मनात आले त्या दिवशी त्याला निघता येते का, यावर ते ठरते. ही मोकळीक असली की सातासमुद्रापारचा मुलगाही घरचाच राहतो. ती नसली की शेजारच्या जिल्ह्यातली लेकही परमुलखात असते.

17 सप्टेंबर 2025 रोजी अहिल्यानगरहून बीडला रेल्वे आली, याचा आनंद मोठा आहे. रस्ते, रूळ, विमाने वाढायलाच हवीत. पण वाहन दारात उभे असूनही ज्याला त्यात बसायची मुभा नाही, त्याचे अंतर ते वाहन कसे कमी करणार? ते कमी करणे माणसांच्याच हातात आहे. आपल्याकडे राबणाऱ्या कुणीही घरच्या आजारपणासाठी दोन दिवस मागितले, तर हिशेबाची वही बाजूला ठेवून आधी त्याला जाऊ द्यावे. गावाकडे जाण्याचा हक्क उचलीपेक्षा मोठा आहे.