आपल्या परिपाठाप्रमाणे

शास्त्रपाठ : दानीएल ६ : १-१०, लूक २२ : ३९-४६



दर वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री आपल्या मंडळ्यांतून वर्षअखेरची उपासना होते. बाराचे ठोके पडतात, आपण गुडघे टेकतो आणि प्रभूला मनातल्या मनात काही वचने देतो. या वर्षी सबंध पवित्र शास्त्र वाचून काढू. तंबाखू कायमची सोडू. दुरावलेल्या भावाशी पुन्हा बोलू. मुलांना मराठी वाचायला शिकवू. ही वचने खोटी नसतात. त्या घटकेला आपले अंतःकरण खरोखरच पेटलेले असते. पण फेब्रुवारी उजाडतो, आणि शास्त्रात घातलेली खूण उत्पत्ती व निर्गम ओलांडून लेवीयाच्या पुस्तकात जी अडकते ती तिथेच राहते!

मग पुष्कळ जण स्वतःला दोष देत म्हणतात, "आमचा विश्वासच कमी." काही जण तर पुढच्या वर्षी वचन द्यायलाच भितात. देवाला दिलेले वचन मोडण्यापेक्षा न दिलेले बरे, असे त्यांना वाटते. अशा खचलेल्या मनांसाठी आज देवाच्या वचनात काय आहे, ते आपण पाहू.

दानीएलाचा सहावा अध्याय आपण लहानपणी रविवारच्या शाळेत शिकलो. सिंहांची गुहा सर्वांना आठवते. पण त्या अध्यायाचे मर्म गुहेत नाही, दहाव्या वचनातल्या माडीवरच्या खोलीत आहे. दारयावेश राजाने हुकूम काढला की, तीस दिवसपर्यंत राजावाचून दुसऱ्या कोणाजवळ काही मागायचे नाही. दानीएलाला हे कळले. तो घरी गेला. यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्याच होत्या. त्याने दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून प्रार्थना केली. आणि शास्त्र पुढे एक लहानशी गोष्ट नमूद करते : तो हे पूर्वीपासून करीत आला होता.

या लहानशा गोष्टीवर थोडे थांबू या. दानीएलाला बाबेलात नेले ते ख्रिस्तपूर्व ६०५ च्या सुमारास, कोवळ्या वयात. बाबेल पडले ते ख्रिस्तपूर्व ५३९ मध्ये. म्हणजे या वेळी तो ऐंशीच्या घरात असावा. साठ-पासष्ट वर्षे तो परक्या मुलखात, परक्या भाषेत, परक्या राजांची चाकरी करीत राहिला. ज्या नगराकडे तोंड करून तो प्रार्थना करी, त्याची राखरांगोळी होऊनही अर्धे शतक होत आले होते. तरी यरुशलेमेला विसरायचे नाही, हा त्याच्या आयुष्याचा हेतू त्याने सोडला नाही. तो त्याने कशाच्या बळावर टिकवला? खिडकी, ठरलेली जागा, दिवसातून तीन वेळा टेकलेले गुडघे. इतकेच.

म्हणून हुकूम निघाला त्या दिवशी दानीएलाला नवा निश्चय करावा लागला नाही. तो निश्चय हजारो दिवस आधीच झाला होता. त्या दिवशी तो नेहमीसारखाच जिना चढला.

सैतानाची युक्तीही ओळखून ठेवा. त्याने देव कायमचा सोडण्यास सांगितले नाही. फक्त तीस दिवस! आपल्याही दारी तो याच भाषेत येतो. परीक्षा होईपर्यंत कौटुंबिक प्रार्थना नको. लग्नसराई आटपू दे. बदली होऊन नव्या गावी स्थिरस्थावर होऊ दे. कोणी देवाला नाकारीत नाही. खिडकी मात्र तीस दिवस बंद राहते, आणि तीस दिवस बंद राहिलेली खिडकी पुढे सहजी उघडत नाही.

आता दुसऱ्या शास्त्रपाठाकडे वळू. आपल्या प्रभूलाही परिपाठ होता, हे आपल्या ध्यानात येते का? लूक चौथ्या अध्यायात सांगतो की, शब्बाथ दिवशी सभास्थानात जाण्याचा प्रभूचा परिपाठ होता. बाविसाव्या अध्यायात, धरून देण्याच्या त्या रात्री, तो आपल्या नेहमीच्या रीतीप्रमाणे जैतुनांच्या डोंगराकडे निघाला. जो देवाचा पुत्र, ज्याची पित्याशी अखंड संगत, त्यालाही ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ लहान वाटली नाही.

योहान यात आणखी भर घालतो. ती जागा यहूदालाही ठाऊक होती, कारण प्रभू आपल्या शिष्यांसह तिथे वारंवार जात असे. बंधूंनो, जीव वाचवायचा असता तर त्या रात्री परिपाठ बदलणे सोपे होते. दुसरी बाग, दुसरी वाट पुरली असती. प्रभूने वाट बदलली नाही. वधस्तंभाकडे जाणारी वाट त्याच्या रोजच्या प्रार्थनेच्या जागेवरूनच गेली.

त्याच बागेत शिष्यही होते. पेत्राने काही वेळापूर्वीच सांगितले होते की, प्रभूबरोबर तुरुंगात जाण्यास आणि मरण्यासही आपली तयारी आहे. त्याचे बोलणे खोटे नव्हते. पण जागे राहून प्रार्थना करण्याची घटका आली तेव्हा पेत्र झोपला होता. पेत्राकडे निश्चय होता, परिपाठ नव्हता. निश्चय मोठ्या प्रसंगाची वाट पाहतो आणि लहान प्रसंगी झोपी जातो. आपली वर्षअखेरची वचने मोडतात ती बहुधा प्रीती नसल्यामुळे नव्हे. त्या प्रीतीला आपण राहायला खोली दिलेली नसते, वेळ दिलेली नसते.

हे सामान्य माणसाला साधते काय? आपल्या हातातल्या मराठी शास्त्राचा इतिहासच याची साक्ष देतो. विल्यम केरी हा इंग्लंडातला जोडे शिवणारा माणूस १७९३ साली कलकत्त्यास उतरला. सात वर्षे एकही बंगाली मनुष्य बाप्तिस्म्याला पुढे आला नाही. पहिला आला तो कृष्ण पाल, १८०० सालच्या डिसेंबरात. पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली व संस्कृताबरोबर मराठीही शिकवीत असता केरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, १८१० साली कोश, आणि १८११ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला.

केरीने १८०६ सालच्या एका पत्रात आपल्या एका दिवसाचा हिशेब दिला आहे. पावणेसहाला उठून हिब्रू शास्त्रातील एक अध्याय. सातपर्यंत एकांताची प्रार्थना. मग नोकरचाकरांसह बंगालीत कौटुंबिक प्रार्थना. फारशी, न्याहारी, पंडिताबरोबर भाषांतर, दुपारपर्यंत कॉलेज. मग यिर्मयाच्या बंगाली भाषांतराची प्रुफे. संध्याकाळी तेलुगू पंडित, नंतर प्रवचन. रात्री अकराच्या सुमारापर्यंत यहेज्केलाचे भाषांतर, आणि शेवटी ग्रीक करारातील एक अध्याय. यात चमत्कार कुठेही नाही. आपल्या अंगी मोठी बुद्धी नाही, एकदा धरलेले काम रेटीत नेणे तेवढे आपल्याला येते, असेच तो स्वतःविषयी म्हणे.

मग आली कसोटी. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, टाइप आणि कितीतरी हस्तलिखिते जळाली. कानडी नवा करार गेला, तेलुगूचे व्याकरण गेले, अनेक भाषांचा मिळून चाललेला मोठा कोश गेला. केरी रडला. पण एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा चालणे सोपे जाते, असे म्हणून तो पुन्हा मेजाशी बसला. कागद जळाले, परिपाठ जळाला नाही! १८३४ साली तो मरण पावला तेव्हा सबंध शास्त्र बंगाली, उडिया, हिंदी, मराठी, आसामी आणि संस्कृत या सहा भाषांत गेले होते.

याच केरीच्या घरातून एक इशाराही मिळतो, तो आम्ही झाकून ठेवणार नाही. त्याची पत्नी डोरोथी मुलखाच्या परकेपणाने आणि लहानग्या मुलाच्या मृत्यूने मनाने खचली. तिला वेड लागले, आणि १८०७ साली ती त्याच अवस्थेत वारली. एका खोलीत भाषांतर चालले होते आणि शेजारच्या खोलीत एक जीव तळमळत होता. केरीला दोष देण्यास आम्ही कोण? पण आपण आपला हेतू ठरवताना शेजारच्या खोलीकडे कान ठेवला पाहिजे. आपल्या परिपाठाचा भार घरात कोणावर पडतो, हे विचारले पाहिजे. आणि आठवड्यातून दोनदा उपास करणारा परूशीही विसरू नये. त्याचा नेम कधी चुकला नाही, तरी तो नीतिमान ठरून घरी गेला नाही. परिपाठ तारीत नाही. तारणारा ख्रिस्त आहे. परिपाठ म्हणजे त्याच्यासाठी उघडी ठेवलेली खिडकी.

आता प्रत्यक्ष काय करावे? एकच उदाहरण घेऊ. आपल्या मंडळ्या बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या आहेत. मुले शाळेत कानडी, हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजी शिकतात. आजीच्या मांडीवरचे शास्त्र मराठीत आहे आणि नातवाला ते वाचता येत नाही, हे दुःख कितीतरी घरांत आहे. मुलांनी देवाचे वचन आपल्या भाषेत वाचावे, हा हेतू सर्वांचा आहे. तो भाषणाने साधणार नाही.

नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्यातून पाच रात्री, रात्रीला एक अध्याय वाचला तर बरोबर बावन्न आठवड्यांत, म्हणजे एका वर्षात, तो पुरा होतो. दोन रात्री मोकळ्या राहतात, पाहुण्यांसाठी आणि आजारपणासाठी. सबंध शास्त्राचे अध्याय १,१८९. रोज एक म्हटले तर सव्वातीन वर्षे. लेवीयात अडकणाऱ्यांनी घाई न करता हाच हिशेब धरावा.

वेळ घड्याळावर ठेवण्यापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला बांधावी. जेवणे आटोपली, ताटे उचलली, की लगेच शास्त्र. शास्त्र कपाटात बंद नसावे, हाताशी असावे. मुलाला पहिल्या महिन्यात दोनच ओव्या वाचू द्याव्यात, बाकीचे मोठ्यांनी वाचावे. चूक झाली तर हसू नये. आजीला ऐकण्याचा मान द्यावा, शब्द अडला तर तिने सांगावा. आरंभ इतका लहान असावा की, थकलेल्या दिवशीही तो मोडू नये.

आणि दिवस चुकला तर? चुकेलच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ माणसांच्या नव्या सवयींचे निरीक्षण करून २००९ साली ते प्रसिद्ध केले. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असे त्यांच्या हिशेबात दिसले. एखादा दिवस चुकल्याने जडत आलेली सवय मोडत नाही, असेही त्यांना आढळले. म्हणून तीन आठवड्यांत जमले नाही तर निराश होऊ नका.

विद्वानांच्या कितीतरी आधी अरण्यात देवाने हेच शिकवले होते. मान्ना त्या त्या दिवसापुरता मिळे. उद्यासाठी साठवला तर त्यात किडे पडत. शब्बाथासाठी मात्र आदल्या दिवशी दुप्पट मिळे. कालच्या नेमावर आज जगता येत नाही, आणि कालच्या चुकीने आजचा मान्ना थांबत नाही. सकाळ झाली की तो तंबूच्या दाराबाहेर पडलेलाच असे. वाकून वेचायचा, एवढेच आपले काम.

बागेत झोपलेल्या पेत्राचे पुढे काय झाले? त्याने प्रभूला तीन वेळा नाकारले. पण पुनरुत्थित प्रभूने समुद्राच्या काठी त्याला न्याहारी दिली, तीन वेळा त्याच्या प्रीतीविषयी विचारले आणि मेंढरे त्याच्या हाती सोपवली. त्यानंतर प्रेषितांची कृत्ये, तिसरा अध्याय उघडा. पेत्र व योहान मंदिरात चालले आहेत. वेळ कोणती? नववा तास, प्रार्थनेची वेळ! दहाव्या अध्यायात पाहा, तोच पेत्र भर दुपारी प्रार्थनेसाठी धाब्यावर चढला आहे. प्रार्थनेच्या घटकेला झोपणारा मनुष्य घटका पाळणारा झाला. आणि त्या नवव्या तासाच्या वाटेवरच सुंदर नावाच्या दरवाजाशी बसलेला पांगळा त्याला भेटला, तो येशूच्या नावाने उठून चालू लागला. पेत्र त्या दिवशी चमत्कार करायला निघाला नव्हता. तो नेहमीच्या प्रार्थनेला निघाला होता.

प्रियांनो, मोडलेल्या वचनांचा हिशेब घेऊन घरी बसू नका. आज रात्री जेवणे झाल्यावर एक अध्याय उघडा. मत्तयाचा पहिला अध्याय नावांचा आहे, मुले अडखळतील. अडखळू द्या. उद्या दुसरा.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आमचे निश्चय तू जाणतोस आणि आमचे दुबळेपणही जाणतोस. आमच्या घरातली खिडकी तुझ्याकडे उघडी ठेव. चुकलेल्या दिवसानंतर पुन्हा आरंभ करण्याची नम्रता आम्हांला दे. आमच्या लेकरांच्या ओठी तुझे वचन राहू दे. तुझा पुत्र, आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्या नावाने मागतो. आमेन.