मूर्ती किती?



नर्मदेकाठच्या गावात संध्याकाळी कुणी काठी टेकत, पाठीवर पिशवी घेऊन शिरलं की समोरून हाक येते, "नर्मदे हर!" आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "कितनी मूर्ती?" परिक्रमेला निघालेला माणूस तिथे मूर्ती म्हणून मोजला जातो. कुठून आलात, कोणत्या जातीचे, काय करता, हे प्रश्न नंतर येतात, कधी येतच नाहीत. पीठ किती मळायचं आणि अंथरायला किती जागा लागेल, एवढंच त्या घडीला कळायला हवं असतं. आम्ही दोघी होतो, मी आणि माझी नणंद. दोन मूर्ती.

आपल्याला पायी चालायचं म्हटलं की पंढरीची वारी आठवते. वारीचा मुक्काम आधीच ठरलेला असतो. दिंडीला क्रमांक असतो, मागून सामानाचा ट्रक येतो, राहुट्या पडतात, पाण्याचे टँकर उभे असतात. आणि सोबतीला लाखभर माणसं. नर्मदा परिक्रमेत यातलं काही नाही. कार्तिकी एकादशीनंतर लोक निघतात, आपले मराठी लोक बहुधा ओंकारेश्वरहून. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, तिचं पात्र कुठेही ओलांडायचं नाही, चातुर्मासात एका जागी थांबायचं. नदीच 1312 किलोमीटर लांब, म्हणजे दोन्ही काठ धरले तर 2600 च्या वर चालणं. जुन्या रीतीने त्याला 3 वर्षं, 3 महिने, 13 दिवस लागतात. आता बरेच जण चार-पाच महिन्यांत पुरं करतात. आणि दिवसच्या दिवस असे जातात की वाटेवर आपण आणि नदी, तिसरं कुणी नाही.

मग रात्री राहायचं कुठे?

निघण्याआधी मीही याच एका प्रश्नाने हैराण होते. ज्यांनी परिक्रमा केली होती त्यांच्याकडून गावांची नावं उतरवून घेतली, वहीत अंतरं लिहिली. ती वही तिसऱ्याच दिवशी पिशवीच्या तळाशी गेली. कारण पाय वहीतल्या अंतराने चालत नाहीत. एके दिवशी टाच फुटते, एके दिवशी ओढ्याचा उतार सापडत नाही, एके दिवशी कुणी म्हातारं माणूस चहाला बसवून घेतं आणि उठू देत नाही.

शिकायचं होतं ते वेगळंच. मागायला शिकायचं होतं. शेजारी वाटीभर साखर मागायला जातानाही मी दोनदा विचार करणारी बाई. निमाडातल्या एका छोट्या गावाच्या वेशीवर पहिल्यांदा मागायची वेळ आली, तेव्हा मी अर्धा तास पाराशी नुसती उभी राहिले. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, विचारा की." मी म्हटलं, "तुम्हीच विचारा." उजेड ओसरत चालला होता. शेवटी सायकलवरून चाललेल्या एका मुलानेच थांबून विचारलं, "कितनी मूर्ती?" आणि उत्तराची वाट न बघता घराकडे ओरडत गेला, "अम्मा, दो मूर्ती!"

त्या रात्री ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. आपल्या खानदेशात असते अगदी तशीच. घरातल्या बाईने आम्हाला आधी वाढलं. आमचं झाल्यावर मुलं जेवली, आणि ती स्वतः कधी जेवली ते मला दिसलं नाही.

त्या काठाची एक भाषा आहे. मुक्काम करायचा म्हणजे 'आसन लावायचं'. देवळाच्या सभामंडपात, धर्मशाळेत, शाळेच्या व्हरांड्यात, पंचायतीच्या खोलीत, कुणाच्या ओसरीवर, जिथे चादर पसरली तिथे आसन. सकाळचा नाश्ता म्हणजे 'बालभोग'. जेवण म्हणजे 'भोजनप्रसादी'. आणि शिजवलेल्या अन्नाऐवजी कोरडा शिधा दिला तर ते सदावर्त. पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, दोन मिरच्या. तीन दगड मांडा, काटक्या गोळा करा आणि आपलं आपण रांधा. मला सदावर्ताची ही रीत फार मोलाची वाटते. देणाऱ्याच्या घरातल्या बाईवर रांधण्याचा भार पडत नाही, घेणाऱ्यालाही हात हलवावे लागतात. महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटावर बसले होते तेव्हा हेच मनात होतं. 1767 ते 1795 त्यांनी तिथून राज्य केलं, घाट बांधले, धर्मशाळा बांधल्या, अन्नछत्रं चालवली. वाटसरूच्या मुक्कामाची सोय राज्यकर्त्याने करायची, असं त्यांनी मानलं असावं. त्याच घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही कपडे वाळत घातले होते.

काही गोष्टी स्पष्ट सांगते, कुणी निघणार असेल तर उपयोगी पडतील. थंडीत सहा वाजून गेले की अंधार पडतो, म्हणून चारच्या सुमाराला जे गाव लागेल तिथे थांबावं. पुढचं गाव किती लांब हे एकाला विचारून भागत नाही, तिघांना विचारावं. "बस, पास ही है" याचा अर्थ दोन किलोमीटरही असतो आणि आठही. औषधं, पैसे काढायची सोय, चपलेला टाका, हे सगळं तालुक्याच्या गावी. मधल्या पट्ट्यात हातपंप आणि किराण्याचं एखादं दुकान मिळालं तरी पुष्कळ. आणि आम्हा बायकांना जेवणाआधी बघावा लागतो तो आडोसा. पुरुषांच्या परिक्रमावर्णनांत याबद्दल क्वचितच वाचायला मिळतं. शौचालय आहे का, त्याला कडी आहे का, पहाटे स्नानाला जायची वाट कशी आहे, हे विचारायला मी लाजत होते. पुढे घरातल्या बाईला थेट विचारू लागले. तिला ते विचारणं कधीच वावगं वाटलं नाही.

नकारही मिळाला. एका आश्रमात, नाव सांगत नाही, बायकांना रात्री ठेवत नाही म्हणून सांगितलं. तीन किलोमीटर अंधारात चाललो. वन्संच्या हातातली बॅटरी मिणमिणत होती आणि मी रागाने बोलत सुटले होते. पुढच्या वस्तीवर एका कौलारू घरात दिवा होता. दार उघडणाऱ्या आजीने आमच्याकडे बघितलं आणि प्रश्न न विचारता खाट ओढून दिली. ती स्वतः जमिनीवर निजली.

आता त्या पट्ट्याबद्दल बोलायला हवं, जो आपल्या महाराष्ट्राला लागून आणि काही महाराष्ट्रातच आहे. शूलपाणीची झाडी. बडवानीच्या पुढे डोंगर सुरू होतात, धडगाव-मोलगीकडचा सातपुडा. जुन्या परिक्रमावासीयांनी लिहून ठेवलंय की इथे भिल्ल लोक येणाऱ्याजवळचं सगळं काढून घेत, अंगावर लंगोटी ठेवत. त्यांना 'मामा' म्हणत, आणि लुटलं गेलं की नर्मदामैयाने ओझं उतरवलं असं समजून पुढे चालत. ते वाचून गेलेली मी, मनात धास्ती होती. प्रत्यक्षात कुडाच्या भिंतींच्या घरात मक्याची भाकरी मिळाली, तिखटजाळ चटणी मिळाली, शेकोटीजवळची ऊबदार जागा मिळाली. घरधनी उंबऱ्यापाशी थंडीत झोपला.

आणि हेच लोक आहेत ज्यांची जमीन पाण्याखाली गेली. सरदार सरोवर धरणाचं पाणी 2019 साली पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत भरलं. महाराष्ट्रातली नंदुरबारची 33 आदिवासी गावं या धरणाने बाधित झाली. बडवानीजवळचा राजघाट, जिथे वर्षानुवर्षं परिक्रमावासी आसन लावत आले, तो बुडाला. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ बुडालं, देव गोरा गावातल्या नव्या देवळात गेला. काठाकाठाची पायवाट होती ती डोंगरावर चढली. आम्ही वाट चुकलो की मैया कुठे आहे ते विचारायचो आणि समोरचा माणूस खाली पसरलेल्या पाण्याकडे हात करून म्हणायचा, तिथे आमचं शेत होतं. ज्याचं शेत गेलं त्यानेच आम्हाला ताट वाढलं. मी याचा विचार करून करून थकले आहे, आणि अजूनही तो मनातून जात नाही.

म्हणून एक विनंती करते. अलीकडे परिक्रमेला जाणारे वाढलेत, त्यात आपण मराठी लोक खूप आहोत. दहा घरांच्या पाड्यावर रोज पंधरा मूर्ती आल्या तर त्या पाड्याचं काय होत असेल? मागच्या मोठ्या गावातून किलोभर तांदूळ, डाळ, तेल घेऊन जा आणि पोहोचताच ते घरच्या बाईच्या हातात द्या. मग मागा. आपलं ताट आपण घासा. गरम पाणी मागू नका, तिला ते सरपण डोंगरातून डोक्यावर आणावं लागतं. एका खोलीचं घर असेल तर अंगणात झोपा.

गुजरातेत विमलेश्वरला तर सगळ्यांनाच थांबावं लागतं. नदी ओलांडायची नाही, म्हणून नदीच्या मुखाशी समुद्रातून होडीने पलीकडे मिठीतलाईला जायचं. भरती येईल तेव्हा होडी सुटते, मग ती मध्यरात्र असो. आपला नंबर लागेपर्यंत आश्रमात बसून राहायचं. तिथे भाजी चिरता चिरता माझी आणि वन्संची जितकी बोलणी झाली तितकी तीस वर्षांच्या नात्यात झाली नव्हती.

परतीच्या काठावर, दिंडोरीच्या अलीकडे सालवनातलं एक गाव. रात्रभर कडाक्याची थंडी. सकाळी निघताना ज्या म्हातारीच्या ओसरीवर झोपलो होतो ती बाहेर आली. पाया पडली. आम्ही मागे सरलो तरी पडलीच. मग लुगड्याच्या गाठीतून दहाची नोट काढून माझ्या हातावर ठेवली. माझ्या कमरेच्या पाकिटात बँकेचं कार्ड होतं, वन्संकडे पाचशेच्या नोटा होत्या. मी हात मागे घेणार, तेवढ्यात वन्संनी माझं कोपर घट्ट धरलं. म्हातारी म्हणाली, "चाय पी लेना."

ऊन वर आल्यावर पुढचं गाव लागलं. हातपंपाशेजारी चहाची टपरी होती. तिथे बाकावर बसून आम्ही दोघींनी मिळून त्या दहा रुपयांचा एक चहा घेतला.