धर्माची गाय आणि तिचे दात

धर्माची गाय मिळाली तर तिला दात का नाहीत म्हणून विचारू नये, अशी आपल्याकडची रीत. लिनक्स कर्नलचे मेंटेनर ती पाळत नाहीत. कोणी हजारो ओळींचा तयार कोड, परवान्यासकट, फुकट आणून दारात उभा केला, तरी ते आधी दात मोजतात आणि पुष्कळदा गाय परत पाठवतात. बाहेरून बघणाऱ्याला हा तोरा वाटतो. कोड चालतोय, लोक वापरताहेत, देणारा पैसा मागत नाही; मग घ्यायला हरकत काय?

हरकत अशी, की कोड फुकट मिळतो, पण त्याचा सांभाळ फुकटात होत नाही. कसा, ते कर्नलच्या कारभारात स्पष्ट दिसतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेला हा प्रकल्प आज तीन कोटी ओळींच्या पुढे गेला आहे. त्याचा एक जुना दंडक आहे : कर्नलवर चालणाऱ्या प्रोग्रामांना दिलेला शब्द मोडायचा नाही, पण कर्नलच्या पोटातली रचना गरजेप्रमाणे केव्हाही बदलायची. आणि आतलं एखादं फंक्शन ज्यानं बदललं, त्यानंच ते जिथे जिथे वापरलं आहे तिथे तिथे जाऊन दुरुस्ती करायची.

समजा, तुमच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. मेमरीच्या भागावर काम करणाऱ्या बाईंनी एका फंक्शनला एक आर्ग्युमेंट वाढवलं. तुमचं कार्ड त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही, तरी तुमच्या ड्रायव्हरमधली ती ओळ त्याच बदलतात. तुम्हाला पत्ता नसताना तुमचा कोड नव्या आवृत्तीत चालू राहतो. तोच ड्रायव्हर बाहेर असता, तर दर आवृत्तीमागे तुम्हालाच धावावं लागलं असतं. आत येणाऱ्याचा मोठा फायदा तो हाच आणि आत घेणाऱ्यांवरचा बोजाही हाच. शिवाय बाईंनी केलेली दुरुस्ती बरोबर आहे की नाही, हे सांगायला ते कार्ड हाताशी असलेला आणि तो कोड कळणारा कोणीतरी लागतोच.

म्हणून ‘चालतो का’ याच्याइतकाच ‘बघणार कोण’ हा प्रश्न कळीचा. कर्नलमध्ये ‘मेंटेनर्स’ नावाची एक फाइलच आहे. प्रत्येक भागापुढे माणसाचं नाव, मेलचा पत्ता आणि त्या भागाची स्थिती. कोणी वाली उरला नसेल तर तिथे ‘ऑर्फन’ असं सरळ लिहितात. कोड आला कुठून, याचंही उत्तर एका माणसाकडूनच घेतात. लिनक्समध्ये आपला कोड घुसवला, असा दावा करत एससीओ कंपनी २००३ मध्ये आयबीएमविरुद्ध कोर्टात गेली. त्यानंतर, २००४ पासून, पाठवलेल्या प्रत्येक बदलाखाली, म्हणजे पॅचखाली, ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ येऊ लागली : हा कोड द्यायचा मला हक्क आहे, अशी नावानिशी दिलेली ग्वाही.

वाली नसला की काय होतं, याचं उदाहरण म्हणजे अँड्रॉइड. कच्चा कोड ठेवून तो पक्का करून घ्यायला कर्नलमध्ये ‘स्टेजिंग’ नावाची ओसरी आहे. मार्च २००९ च्या २.६.२९ आवृत्तीत अँड्रॉइडचे काही ड्रायव्हर तिथे घेतले गेले. पुढे त्यांच्याकडे कोणी फिरकलं नाही, आणि फेब्रुवारी २०१० च्या २.६.३३ मध्ये ते काढून टाकले. फोन धडाधड विकले जात होते, कोड फोनांत चालत होता. तरी तो गेला. मार्च २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीत अँड्रॉइडचा कोड परत आला, तो मधल्या काळात कर्नलच्या लोकांशी बोलणी होऊन, आणि त्याकडे बघणारे पुढे आले म्हणून.

त्याच ओसरीवर आणखी एक पाहुणा आला होता. जुलै २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं हायपर-व्ही या आपल्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीचे ड्रायव्हर दिले, सुमारे २०,००० ओळींचे. लिनक्सच्या परवान्याखाली मायक्रोसॉफ्टनं कोड दिला, याचाच तेव्हा मोठा गवगवा झाला. पण काही महिन्यांतच स्टेजिंग सांभाळणाऱ्या ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी जाहीर बजावलं, की कंपनीचे लोक उत्तरं देत नाहीत, असंच राहिलं तर हा कोड काढावा लागेल. कंपनीनं माणसं कामाला लावली. जुलै २०११ च्या ३.० आवृत्तीत सर्वांत जास्त बदल ज्याच्या नावावर जमा झाले, तो मायक्रोसॉफ्टचाच कर्मचारी होता. बदल बहुतेक याच ड्रायव्हरच्या साफसफाईचे. तो कोड टिकला, तो या साफसफाईमुळे.

पण पुढचं आज कसं कळणार? ‘आम्ही बघू’ असं कोणीही म्हणेल. म्हणून रिव्ह्यूत कोडबरोबर माणसाचीही पारख होते. ऑगस्ट २०२० मध्ये पॅरागॉन कंपनीनं विंडोजच्या एनटीएफएस डिस्क वाचणारा-लिहिणारा ड्रायव्हर पाठवला : २७,००० ओळी, एकाच पॅचमध्ये. वाचणाऱ्यांनी डोक्याला हात लावला. तुकडे करा, चाचण्या दाखवा, अशा मागण्या होत पंचवीसहून अधिक फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत कोड सुधारला आणि समोरचा ऐकतो, ही खात्रीही वाढली. ऑक्टोबर २०२१ च्या ५.१५ आवृत्तीत तो आला. तरीही २०२२ मध्ये त्याचा मेंटेनर काही महिने गप्प झाला, आणि हा भाग अनाथ झाला का, अशी विचारणा सुरू झाली. पुढे काम परत मार्गी लागलं. पण पारखीलाही मर्यादा असते, हे त्यातून दिसलं.

या रीतीची किंमतही मोठी आहे. कर्नलला ठरल्या क्षणी प्रतिसाद द्यायला बांधणारं ‘प्रीएम्प्ट-आरटी’चं काम सुमारे वीस वर्षं बाहेर चाललं. ते एकगठ्ठा कोणी घेतलं नसतं. त्यातले टायमर, म्यूटेक्स, लॉक तपासणारी साधनं असे सर्वांच्या उपयोगाचे भाग आधी एकेक करून आत गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नात थॉमस ग्लाइक्सनर यांनी उरलेला कोड आत घेण्याची शेवटची विनंती छापून, सोनेरी कागदात गुंडाळून टोरवाल्ड्स यांच्या हातात ठेवली. नोव्हेंबरच्या ६.१२ मध्ये काम पुरं झालं. एवढा दम प्रत्येकाला कुठून असणार? पाठीशी कंपनी नसलेली, नोकरी सांभाळून लिहिणारी माणसं वाटेतच गळतात, आणि त्यात चांगला कोडही वाया जातो. ही तक्रार खोटी नाही.

तरी ही रीत सगळ्यांना सारखी जाचक नाही, कारण मागणी बोज्याच्या प्रमाणात असते. एका ओळीची चूक दुरुस्त करणाऱ्याला पुढच्या दहा वर्षांची हमी कोणी मागत नाही. ती ओळ एरवीही कोणाच्या तरी देखरेखीखाली असतेच. नवा ड्रायव्हर आणणाऱ्याला थोडी मागतात, नवी फाइलसिस्टिम आणणाऱ्याला भरपूर. म्हणूनच ज्याला मोठं काही द्यायचं आहे, त्यानं आधी त्याच भागातल्या बारीकसारीक दुरुस्त्या कराव्यात, दुसऱ्यांचे पॅच वाचावेत, आलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत. मग त्याचा मोठा पॅच येतो तेव्हा ‘बघणार कोण’ याचं अर्धं उत्तर मेंटेनरला आधीच मिळालेलं असतं.