भंगारातली सायकल

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की बालाघाटाचा चढ लागतो. भंगारातल्या सुट्या भागांतून प्रवासाची सायकल जुळवणाऱ्याने आधी तो चढ डोळ्यांपुढे आणावा. रंगाचं नंतर बघू. फ्रेम जुनी, पोलादी घ्यावी. तडा गेलाच तर गावातला वेल्डरही सांधतो. अॅटलस या सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 2020 साली 3 जूनला, नेमका जागतिक सायकल दिनीच बंद पडला; तिच्या सायकली मात्र अजून बाजारहाट करताहेत. नवशिक्याचा खरा कस चाकाची आउट काढताना लागतो. तारेचं निपल पाव फेरा फिरवायचं, चाक गरगर फिरवून बघायचं, पुन्हा पाव फेरा. घाई केली की रिंग आणखी वाकडी! छर्रे तेवढे नवे घ्या, स्वस्तच असतात. आणि ब्रेकही नीट बघा. घाट चढलात, की उतरायचाही असतो.