राखणीचं काम

मुंबईहून मुक्ताईनगर सरळ रेषेत सुमारे 400 किलोमीटर. मुंबईहून निघालेल्या विमानाची दिशा एका अंशाने डावीकडे चुकली, तर इथवर येईतो ते 7 किलोमीटर बाजूला गेलेलं असतं, चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाकडे. आत बसलेल्यांना पत्ताही लागत नाही.

1 सप्टेंबर 1983 रोजी कोरियन एअर लाइन्सच्या 007 क्रमांकाच्या विमानाचं असंच झालं. अलास्कातल्या अँकरेजहून ते सोलला निघालं होतं. ऑटोपायलट आखलेल्या मार्गावर लागलाच नाही, एका ठराविक दिशेवर राहिला. यंत्राने दिलेली दिशा इमानदारीने धरली. वैमानिक मात्र मार्गावरचे टप्पे पार केल्याचे निरोप देत राहिले. विमान त्या टप्प्यांपासून केव्हाच दूर गेलं होतं. मध्येच रेडिओ लागेना, तेव्हा त्याच कंपनीच्या दुसऱ्या विमानामार्फत निरोप धाडला. शंका यायची जागा तीच होती. पाच तासांहून अधिक वेळ हे चाललं. अखेर सखालिनजवळ सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं. 269 माणसं गेली.

आपल्याजवळचं उदाहरण 8 ऑगस्ट 2014 चं. मुंबईहून ब्रसेल्सला निघालेलं जेट एअरवेजचं विमान तुर्कस्तानवर सुमारे 5 हजार फूट खाली आलं. कॅप्टन नियमात बसणारी विश्रांती घेत होते, सहवैमानिक टॅबलेटमध्ये गुंतल्या होत्या. अंकाराच्या नियंत्रकाने हटकलं तेव्हा कळलं. सुदैवाने सगळे सुखरूप पोचले.

हलगर्जीपणा म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पुरेसं वाटत नाही. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये दाखवून दिलं, की घड्याळाच्या काट्याची क्वचित होणारी वेगळी उडी टिपायला बसवलेल्या माणसाची नजर अर्ध्या तासातच ढिली पडते. शेतात जागलीला गेलेला माणूस हाळी देतो, बांधावरून फेरी मारतो, म्हणून जागा राहतो. त्याला नुसतं खाटेवर बसवलं तर डुलकी लागणारच.

रेल्वेने हे ओळखलंय. भुसावळहून सुटणाऱ्या इंजिनात लोको पायलटने मिनिटभर काहीच हालचाल केली नाही, तर दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो. तरीही त्याने बटण दाबलं नाही तर ब्रेक लागतात. उत्तम सोय आहे. पण माणूस जागा आहे एवढंच ती विचारते. 007 मधले वैमानिकही जागेच होते. त्यांना कुणी तरी विचारायला हवं होतं : आपण आत्ता नेमके कुठे आहोत, आणि हे कशावरून?

आता बँकेतल्या कर्जापासून दवाखान्यातल्या एक्स-रेपर्यंत निर्णय यंत्राकडे चाललेत आणि माणूस उरतोय देखरेखीला. अशा नेमणुका करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : त्या माणसाला तासन् तास पडद्यासमोर बसवू नका. यंत्राचं उत्तर दाखवण्याआधी त्याला स्वतःचं उत्तर लिहायला लावा, आणि दोन्ही ताडून पाहायला लागणारा वेळ त्याच्या कामाच्या तासांत धरा.