सोन्याचे अनुमान

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रोज सायंकाळी ईश्वराच्या अस्तित्वाचा निकाल लावणारी जी वडीलधारी मंडळी बसतात, त्यांच्यातील नास्तिकाचा ठरलेला दाखला असा की, जे डोळ्यांनी पाहिले नाही ते मानू नये. आणि दसऱ्याला आपट्याची पाने वाटून झाल्यावर हेच गृहस्थ खरे सोने ताऱ्यांत घडले असे निःशंकपणे सांगतात. ते घडताना कोणी पाहिले?

लोखंडापलीकडील बहुतेक मूलद्रव्ये अणुकेंद्रांनी न्यूट्रॉन ग्रहण केल्यामुळे निर्माण झाली, हे १९५७ साली बर्बिज दांपत्य, फाउलर आणि (आपल्या नारळीकरांचे गुरू) हॉइल यांनी सविस्तर मांडले. या ग्रहणाचा वेग काही ठिकाणी प्रत्यक्ष मोजता येतो. सोन्याच्या पातळ पत्र्यावर न्यूट्रॉन सोडले असता काही अणूंचे सोने-१९८ होते, २.७ दिवसांच्या अर्धायुष्याने त्याचा पारा होत जातो, आणि त्या वेळी निघणारे गॅमा किरण मोजले की जमाखर्च जुळतो. परंतु १७ ऑगस्ट २०१७ रोजी गुरुत्वीय लहरींनी जिची खबर आणली, तशा न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत जन्मणारी केंद्रे निमिषार्धात लयाला जातात. त्यांचा पत्रा करणार कोण? सबब तेथे गणितच करावे लागते.

त्या गणिताचा आधार मात्र विलक्षण आहे. १९३६ साली बोर यांनी सुचविले की, न्यूट्रॉन पोटात घेतलेले केंद्र त्याची ऊर्जा सर्व कणांत वाटून टाकते आणि आपण कसे निर्माण झालो हे विसरते. १९५२ साली हाउजर व फेशबाख यांनी या विस्मृतीवर सरासरीचे शास्त्र उभारले. तिचा लाभ मुंबईतही घेतला गेला. प्रोटॅक्टिनियम-२३३ सुमारे २७ दिवसांत निम्मे उरते, म्हणून भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्या पेलेट्रॉन या कणत्वरकाने थोरियमवर लिथियमचा मारा करून, न्यूट्रॉन गिळल्यावर जे केंद्र झाले असते तेच दुसऱ्या वाटेने घडविले आणि त्यावरून त्याच्या विखंडनाचे प्रमाण काढले. हे काम २००८ साली प्रसिद्ध झाले. ते विखंडनाचे होते, ग्रहणाचे नव्हे. तथापि तर्क तोच.

नैयायिक याला सामान्यतोदृष्ट, म्हणजे दिसणाऱ्यावरून न दिसणाऱ्याचे, अनुमान म्हणतील आणि लगेच उपाधी, म्हणजे ते ज्या न सांगितलेल्या अटीवर टिकते ती अट, शोधू लागतील. अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही. ओले इंधन लागते. येथील ओले इंधन म्हणजे केंद्रातील ऊर्जापातळ्यांची दाटी. सोन्याच्या पूर्वजांच्या मार्गात न्यूट्रॉनसंख्या १२६ च्या आसपास या पातळ्या इतक्या विरळ होतात की सरासरीला अर्थच उरत नाही; न्यूट्रॉन विसरण्याची मुदत न देता थेट सामावतो, आणि दोन प्रतिष्ठित गणितांच्या उत्तरांत दसपटीचा फरक पडू शकतो. चार्वाकाने येथे हसावे. त्याचा तो हक्क आहे. परंतु ही उपाधी त्याने दाखविलेली नाही, गणित करणाऱ्यांनीच ती आपल्या दस्तऐवजात नोंदवून ठेवली आहे. घटाला कुंभार, तसा जगाला कर्ता, या उदयनाचार्यांनी हिरिरीने लढविलेल्या अनुमानाला शरीरजन्यत्वाची उपाधी लावावी लागली ती प्रतिपक्षाला. आणि कट्ट्यावरच्या आस्तिकाकडून माझी अपेक्षा एवढीच आहे की, त्याने आपल्या अनुमानाची उपाधी एकदा स्वतः होऊन सांगावी.