बिनसहीचा जामीनदार

बँकेत चिकटण्याचा एक फायदा असा की, ज्या दिवशी माणूस कामावर रुजू होतो त्याच दिवशी त्याच्या निवृत्तीची तारीखही पक्की होते. मधली वर्षे म्हणजे नुसती आकडेमोड. त्यामुळे ऐन भरात एक उद्योग सोडून दुसऱ्यात उडी घेणाऱ्यांबद्दल आम्हा कारकुनांना विलक्षण आदर वाटतो; अर्थात तो मुलगा दुसऱ्याचा असेल तर!

फ्रान्सच्या ल्यूक आल्फाँचेच बघा ना. जन्म १९६५ चा, आल्प्समधल्या ब्रियाँसाँचा. पायांना दोन फळ्या बांधून बर्फाच्या डोंगरावरून ताशी शंभरावर किलोमीटर वेगाने खाली येणे, हा त्याचा धंदा. (आम्ही बँकेचा जिना उतरतानाही कठडा धरतो.) १९९५, ९६ आणि ९७ अशी लागोपाठ तीन वर्षे डाउनहिलचा विश्वचषक त्याने घेतला, १९९७ साली तर सगळे प्रकार मिळून जो एकूण विश्वचषक असतो, तोही. आपल्याकडे एवढ्या भांडवलावर माणूस उरलेला जन्म बक्षीस-समारंभांचा अध्यक्ष म्हणून काढतो. या गृहस्थाने त्याच वर्षी बर्फाला रामराम ठोकला, मोटारींच्या मागे लागला आणि २००६ साली, चाळिशी गाठल्यावर, लिस्बन ते डाकार ही सुमारे ९,००० किलोमीटरची रॅली मित्सुबिशी पजेरोतून जिंकला. चाळिशीत आम्हाला फक्त चष्मा लागला.

आता यात तत्त्वज्ञान कुठे आले, असे आपण विचाराल. ते आले आमच्या कर्जखात्यातून.

कर्ज मागायला येणारा माणूस नेहमीच शूर असतो. चेहरा बघावा तो जामीनदाराचा! "मेव्हणा पडला, काय करता," असे पुटपुटत तो पेन उचलतो. पण काही झाले तरी सही त्याची असते. फॉर्म वाचायचा हक्कही असतो. तो वाचत नाही ही गोष्ट निराळी.

डोंगरावरून घसरणारा आल्फाँ स्वतःच कर्जदार होता आणि परतफेड स्वतःच्या हाडांनी करणार होता. मोटारीत शेजारी जिल पिकार हा वाटाड्या आला. दुसऱ्याच्या हातातल्या चाकावर हजारो किलोमीटर भरवसा टाकणारा हा माणूस जामीनदारच, पण राजीखुशीचा. इथपर्यंत खाते चोख आहे.

पुढे मात्र ताळेबंद जुळत नाही. २००६ च्या त्याच रॅलीत अँडी कॉल्डकॉट हा ऑस्ट्रेलियाचा मोटरसायकलस्वार गेला. त्याची निदान सही होती. पण गिनी आणि सेनेगलमध्ये रॅलीच्या वाहनांनी दोन लहान मुलांचाही बळी घेतला. ती वाहने आल्फाँची नव्हती, हे आधीच सांगतो. त्या पोरांनी कुठल्या फॉर्मवर सही केली होती? हौस एकाची, चषक दुसऱ्याचा आणि वसुली तिसऱ्याच्याच पोराकडून!

"मग काय, सगळ्यांनी घरी बसावे?" शेजारच्या टेबलावरून प्रश्न येतो. मुळीच नाही. २००९ साली मोटरसायकलच्या शर्यतीत आल्फाँच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली आणि त्याची शर्यतींची कारकीर्द तिथेच आटोपली. वाईट झाले, पण रक्कम ज्याची त्याच्याच नावे पडली. माझे म्हणणे एवढेच, की धाडस केवढे यापेक्षा ते कोणाच्या नावे टाकले जाते, हे आधी बघावे. त्या माणसाला निदान विचारावे तरी.

हा सिद्धान्त मी मोठ्या अभिमानाने घरी ऐकवला. वर असेही म्हणालो, की म्हणूनच मी आयुष्यात कसलेही धाडस केले नाही. कोणाला जामीन राहावे लागले नाही.

"अहो," सौ. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "नोकरी सोडून छापखाना काढायचा राहिला, हे वीस वर्षे रोज रात्री कोण ऐकतंय? त्याचं व्याज मीच भरतेय की! माझी सही घेतली होती का?"